हातोडा उचलण्याआधी

होडीच्या मागच्या फळीला जे मशीन लावतात, त्याचा वरचा भाग सगळ्यांच्या ओळखीचा असतो. दोरी ओढायची, धूर सोडत ते सुरू होतं, आवाज खाडीभर घुमतो. पाण्याखाली बुडालेल्या गिअरच्या डब्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. वरून उभा शाफ्ट फिरत खाली येतो, त्याच्या टोकाला लहानसा दातेरी गिअर, त्याला काटकोनात भिडणारे दोन मोठे गिअर, त्यांतून बाहेर निघणारा आडवा शाफ्ट आणि त्यावर बसवलेला पंखा. हे सगळं घट्ट तेलात बुडालेलं आणि तो डबा स्वतः खाऱ्या पाण्यात बुडालेला. पंख्याच्या शाफ्टपाशी तेल आणि समुद्र यांच्या मध्ये उभी असते ती फक्त रबराची कडी, ऑइल सील. रुंदी म्हणाल तर करंगळीच्या नखाएवढी.

ही कडी बहुतेक वेळा म्हातारपणाने जात नाही. जाळ्याचा तुटका नायलॉनचा धागा पाण्यातून वाहत येतो, फिरत्या पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जातो आणि घट्ट होत होत सीलमध्ये शिरतो. रबराची धार कापली जाते. मग आतलं तेल थोडं बाहेर येतं आणि बाहेरचं पाणी थोडं आत जातं. मशीन चालूच असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुढे कधीतरी तळाचा स्क्रू सोडला की काळ्या किंवा सोनेरी तेलाऐवजी ताकासारखं पांढुरकं पाणी गळतं. तोवर बेअरिंगला गंज चढायला सुरुवात झालेली असते.

अशा डब्याची दुरुस्ती मी पाहिली ती कुठल्या बंदरावर नव्हे, जामसरच्या बाजूला एका अंगणात. जामसर जव्हार तालुक्यात, डोंगरावर. तिथून खाली उतरायचं, विक्रमगड मागे टाकायचं, मनोर ओलांडायचं, तेव्हा कुठे पालघरचा किनारा लागतो. तरी या मुलखाचं समुद्राशी जुनं नातं आहे, आणि ते पोटाचं नातं आहे. भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्याची माणसं घर सोडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी बोटीवर खलाशी म्हणून. सातपाटी, डहाणू, आणखी वर गुजरातच्या बंदरांतसुद्धा ती असतात. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की बोटी किनाऱ्याला लागतात आणि खलाशी लावणीला घरी येतात. त्या दोन महिन्यांत मशीन रिकामं असतं आणि ते ओळखणारा माणूसही गावात असतो. चार-सहा बोल्ट आणि गिअर बदलायचा रॉड सोडवला की खालचा डबा मशीनपासून अलग होतो, गोणीत बसतो आणि एसटीने डोंगर चढतो. त्या अंगणात तो असाच आला होता, बोटीवरून परतलेल्या एका माणसाकडे.

माझं लक्ष ज्यात अडकलं ते हे, की त्या माणसाने पहिला बराच वेळ डब्याला हातच लावला नाही. तो हत्यार बनवत बसला होता.

पंख्यामागे आडव्या शाफ्टभोवती एक जाड नळकांडं बसवलेलं असतं. बेअरिंग आणि सील त्याच्यातच असतात. वर्षानुवर्षांच्या मिठाने ते डब्याच्या ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. कंपनीकडे ते काढायचा खास पुलर असतो, पण तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असतो. इथे होता जुन्या जीपच्या पाट्याचा तुकडा, आटे पाडलेला रॉड, दोन नट आणि एक जाड पट्टी. पाट्याचं पोलाद चिवट असतं. आपल्याकडचे लोहार कोयते त्याचेच करतात. त्या तुकड्याचे दोन आकडे घडवले, आतल्या कडेला अडकतील इतके बारीक आणि तरीही वाकणार नाहीत इतके जाड. पट्टीला मधोमध भोक पाडून रॉड बसवला. आता नट पान्ह्याने एकेक फेरा फिरवायचा, की रॉड सरळ रेषेत बाहेर ओढला जातो आणि दोन्ही आकड्यांवर सारखाच ताण येतो. काही मॉडेलांत या नळकांड्याच्या तोंडाशी खाचा असलेली गोल चकती आट्यांवर बसवलेली असते. तिच्यासाठी जुन्या पाण्याच्या पाईपच्या टोकाला दात कापले की पान्हा तयार होतो.

सारखा ताण हा या कामाचा जीव आहे. हातोड्याने एका बाजूला ठोकलं की नळकांडं तिरकं होतं, आणखी अडकतं आणि शेवटी ॲल्युमिनियमचा कान तुटतो. डबाच तुटला तर दुरुस्ती संपली, नवा घ्यावा लागतो. होडीवाल्याला एवढे पैसे उभे करायला अख्खा हंगाम लागतो.

ओढूनही ते हललं नाही तेव्हा चुलीवरचं उकळतं पाणी डब्यावर ओतलं. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. ॲल्युमिनियम तापलं की बरंच प्रसरण पावतं, म्हणून बाहेरचा डबा आधी फुगतो आणि आतल्या नळकांड्यावरची पकड सोडतो. गॅसच्या ज्योतीनेही हे होतं. पण ज्योत किती तापवेल याचा भरवसा नाही, रंग जळतो आणि धातू मऊ पडतो. उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जातच नाही, त्यामुळे धातूला इजा होण्याची भीती नसते. चूल, पातेलं आणि थोडी सबुरी, एवढ्यावर भागतं.

अशा कामाला कुणी जुगाड म्हणालं की मला राग येतो. आपण हल्ली त्याचं फार कौतुक करतो. तारेने बांधलेलं, चिकटपट्टीने थांबवलेलं, उद्यापर्यंत निभावणारं असं काहीही दिसलं की टाळ्या वाजवतो. त्या अंगणातलं काम वेगळ्या जातीचं होतं. तिथे दुरुस्ती कंपनीच्या मापाचीच होत होती, घरचं होतं फक्त तिथवर पोचण्याचं साधन. आणि कशात तडजोड चालते, कशात नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. पुसून, उजेडात धरून त्याने ते वाचले आणि बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाचं नवं सील मागवलं. ट्यूब कापून केलेली कडी चालेल का, असं कुणीतरी विचारलं. त्याने नुसती मान हलवून नाही म्हटलं. हत्यार घरचं चालेल, सील घरचं चालणार नाही. दुरुस्ती करणाराची पारख मी तरी याच एका गोष्टीवरून करीन.

नवं सील बसवायलाही ठोकायचं नसतं. खैराचा एक गोल ठोकळा सीलच्या बाहेरच्या कडेएवढा तासून घेतला होता. तो वर ठेवून हलक्या हाताने, फिरवत फिरवत सील आत सारलं. रबराच्या धारेला आधी ग्रीस लावलं होतं, म्हणजे कोरड्या शाफ्टवर ती पहिल्याच फेऱ्यात जळणार नाही. मग परीक्षा. तेलाच्या भोकात बसणाऱ्या बोल्टला आरपार भोक पाडून त्यावर सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डकवला होता. तो आवळला, सायकलच्या पंपाने थोडीशी हवा भरली आणि डबा पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवला. बुडबुडा आला तर सगळं पुन्हा खोलायचं. शाफ्ट फिरवून पाहायचा, दांड्याने गिअर बदलून पाहायचा, कारण थांबलेलं सील कधी कधी खोटं बोलतं. हवा टिकली की शेवटी तेल. तेही खालच्या भोकातून वर चढवायचं आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरत राहायचं. वरून ओतलं तर आत हवेचा फुगा अडकतो आणि डबा भरला असं उगीच वाटतं.

यात एकही कृती अवघड नाही. अवघड आहे ते घाई न करणं. समोर अडकलेली वस्तू असते, हाताशी हातोडा असतो, भोवती चार माणसं उभी असतात आणि त्यातला प्रत्येक जण ‘एक ठेवून दे’ म्हणत असतो. अशा वेळी बाजूला बसून पाट्याचा तुकडा घासत राहायला मन फार खंबीर लागतं. आकडा किती वाकवायचा हे ठरवायला आतलं नळकांडं कसं बसलंय ते मनात स्पष्ट दिसावं लागतं. म्हणजे हत्यार पुरं होतं तोवर मशीन समजलेलं असतं. बाजारातून आणलेल्या हत्याराने काम लवकर होतं, पण हे समजणं त्याच्याबरोबर आयतं येत नाही.

समुद्र दूर असला तरी जामसरला पाण्याखालचं एक यंत्र रोज लागतं, ते म्हणजे हापसा. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख मार्च उजाडला की विहिरीच्या तळाकडे बघू लागतो. तेव्हा पाड्यावरचा एक हापसा बंद पडणं म्हणजे बायकांना उन्हात दुसऱ्या पाड्यापर्यंत हंडे वाहणं. आणि हापसा बंद पडतो तोही बहुतेक वेळा खाली सिलिंडरमधलं वॉशर झिजल्यामुळे. तेही पाण्याखालचं, नजरेआडचं आणि लहानसं.

या हापशाचा इतिहास आपण महाराष्ट्राने विसरू नये. सुरुवातीला खेडोपाडी बसवले गेले ते ओतीव लोखंडाचे पंप. अमेरिका-युरोपात एका शेतघराच्या अंगणासाठी बनलेले. आपल्याकडे एकेका पंपावर सगळं गाव पाणी भरायचं. ते धडाधड मोडले. टिकला तो जालना आणि सोलापूरकडे घडलेला पोलादी पंप. सोलापूरचा पंप स्वतःच शिकलेल्या एका कारागिराच्या डोक्यातून आला. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने नवा पंप करायचं ठरलं तेव्हा पाया म्हणून हाच घेतला गेला. कोईमतूरकडे त्याच्या चाचण्या झाल्या आणि ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. १९७९ साली त्याला भारतीय मानकही मिळालं. पुढे तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला.

पण मार्क टूचं वॉशर बदलायचं तर तीन-तीन मीटरचे जस्त चढवलेले लोखंडी पाईप एकामागून एक वर काढावे लागतात. खोल बोअरला असे दहा-पंधरा निघतात, आणि प्रत्येकाच्या आत रॉड. वरचा पाईप सोडवताना खालची सगळी माळ एका क्लॅम्पवर लटकलेली असते. तो घसरला तर पाईप, रॉड, सिलिंडर सगळं बोअरमध्ये जातं. म्हणून क्लॅम्प, उचलायचे पान्हे, साखळीचा आधार अशी खास हत्यारं लागतात, आणि ती तालुक्याच्या दुरुस्ती पथकाच्या गाडीत असतात. गाडी येईपर्यंत हापसा बंद. ही अडचण ओळखून नंतर मार्क थ्री आला. त्याचा पाईप इतका रुंद, की दट्ट्या वॉशरसकट वरच्या वर रॉडने ओढून काढता येतो. पाईप जागेवरच राहतो. थोडी माणसं आणि थोडेसे पान्हे, एवढ्यात काम होतं. यंत्र बनवणाराने दुरुस्ती करणाराच्या हातात काय आहे याचा आधी विचार केला, तर काय होतं ते इथे दिसतं. यंत्र विकत घेताना किंमत आणि ताकद विचारणारे पुष्कळ भेटतात. हे उघडायला काय लागतं, असं विचारणारा क्वचितच भेटतो.

बोटीवरून परतलेल्या ज्या हातांनी समुद्राचं पाणी डब्याबाहेर थोपवलं, त्यांना हापशाचं वॉशर परकं नाही. सील, बेअरिंग, आटे, सरळ रेषेतला ताण, सगळं तेच. तरी गावाच्या कुठल्याही कागदावर या माणसांची नोंद मजूर म्हणून असते आणि फार तर खलाशी म्हणून. दिवाळीनंतर ती पुन्हा डोंगर उतरतात आणि मार्चमध्ये हापसा बंद पडतो तेव्हा गावात नसतात.

म्हणून जव्हार-मोखाड्यातल्या ग्रामपंचायतींना एक विनंती. आपल्या पाड्यांवर मशीन उघडून नीट बसवणारं कोण आहे, याची यादी लावणीच्या दिवसांत, ती माणसं घरी असतानाच करा. हापशाच्या हत्यारांचा एक संच गावात ठेवा आणि तो त्यांच्या ताब्यात द्या. पाईप तोलून धरणारा क्लॅम्प मात्र तपासलेला, मानकाचाच घ्या, तिथे घरचा नको. आणि दुरुस्तीची मजुरी कारागिराच्या दराने द्या, त्याच दिवशी द्या, म्हणजे त्यातला एखादा तरी उन्हाळ्यात गावात थांबेल.