पत्ता नवा, घर तेच

आगाशीच्या एका वाचनालयात जुन्या वसईचे फोटो संगणकावर चढवायचे काम चालले होते. काम करणाऱ्या मुलीने लिनक्सवर तीन फोल्डर केले: ‘किल्ला’, ‘सोपारा’, ‘अर्नाळा’. एकातून दुसऱ्यात पटकन जाता यावे म्हणून तिने प्रत्येकात उरलेल्या दोघांच्या सिम्बॉलिक लिंक ठेवल्या. सोय चांगलीच होती.

एके दिवशी तिने फाइल मॅनेजरला ‘किल्ला’चा आकार विचारला. आकडा वाढत वाढत डिस्कपेक्षाही मोठा झाला, पंखा घोंघावू लागला आणि खिडकी धाडकन बंद पडली. कोणी म्हणाले, डिस्क गेली. कोणी म्हणाले, रॅम वाढवा.

पेपर वाचायला येणारे एक काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी विचारले, “पोरी, हा जातो कुठे कुठे?”

तिने दाखवले: किल्ला/सोपारा/किल्ला/अर्नाळा/किल्ला... दर पायरीला दोन वाटा फुटत होत्या. एका पत्त्यात ४० लिंक झाल्या की लिनक्सचे कर्नल पुढे जाऊ देत नाही; पण ४० वेळा दुप्पट म्हणजे एक लाख कोटींहून जास्त वाटा. तेवढ्या चालायच्या आधीच प्रोग्राम कोसळणार.

“आमच्याकडे असं पाकीट यायचं,” काका म्हणाले. “अर्नाळ्याहून आगाशीला, आगाशीहून परत अर्नाळ्याला. पत्ता खोडून नवा लिहिलेला असायचा. मी पत्ता नाही, शिक्के बघायचो. आपलाच शिक्का आधी पडलेला दिसला की पाकीट पुढे धाडायचं नाही. जाऊन आलेल्या जागेची खूण ठेवली नाही, तर माणूस कितीही चालला तरी पोचत नाही.”

“पण काका, इथे पत्ता दर वेळी नवाच दिसतो.”

“पत्ता नवा, घर तेच. घराला नंबर नाही?”

नंबर होता. पत्ता कितीही लांबला तरी मूळ फोल्डरचा आयनोड क्रमांक बदलत नाही. मुलीने मोजणीचा छोटा प्रोग्राम स्वतःच लिहिला: फोल्डरात शिरण्याआधी क्रमांक यादीत शोधायचा, सापडला तर मागे फिरायचे, नसला तर लिहून आत जायचे. तीन फोल्डर, तीन नोंदी, मोजणी संपली. एकही लिंक काढावी लागली नाही, रॅमही तीच राहिली.

असा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी एवढे मात्र करावे: आयनोड क्रमांक एका फाइल सिस्टिमपुरताच वेगळा असतो, पेन ड्राइव्ह लावला की तोच आकडा तिथेही सापडू शकतो. म्हणून यादीत त्याच्या शेजारी डिव्हाइसचा क्रमांकही लिहावा.