राहून गेलेली शुश्रूषा

ड्युटी संपताना रिपोर्ट बुक भरलं की वाटतं, सगळं झालं. औषधं दिली, तोंड उघडायला लावून जिभेखाली गोळी उरली नाही ना ते पाहिलं, बीपी घेतलं, पेशंट मोजले. यातलं काही चुकलं तर मला जाब द्यावा लागेल. पण ज्याचा जाब कुणी विचारणार नाही, ते मी केलं का?

अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक बिॲट्रिस कॅलिश यांनी २००६ साली रुग्णालयांत राहून जाणाऱ्या शुश्रूषेचा अभ्यास मांडला. रुग्णाला चालवणं, कूस बदलणं यांच्या जोडीला त्यात भावनिक आधारही होता. कूस बदलायची राहिली तर बेडसोअर होतो आणि तो सगळ्यांना दिसतो. आमच्या मनोरुग्णांच्या वॉर्डात बोलायचं राहिलं तर अंगावर काहीच उमटत नाही. आणि इथं तर बोलणं हाच उपचाराचा मोठा भाग.

स्टाफ कमी आहे, हे खरं. काहीतरी मागे ठेवावंच लागतं. पण काय मागे ठेवायचं हे ठरवताना माझं मन कुठे वळतं? आरडाओरडा करणाऱ्याकडे मी धावते. भिंतीकडे तोंड करून पडलेल्यापुढे ‘शांत आहे’ असं लिहून पुढे जाते. तो शांत आहे की खचलाय? जीव द्यायचे विचार घोळताहेत का? विचारल्याशिवाय कळत नाही. क्लोझापिन चालू असलेल्याला ‘पोट साफ होतं का?’ एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? त्या औषधानं होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, आणि तो आपणहून सांगेलच असं नाही. म्हणजे सगळंच वेळेअभावी राहत नाही. काही सवयीनं राहतं, काही भीतीनं. समोरच्यानं मन मोकळं केलं, तर ते ऐकून घ्यायचं बळ माझ्यात आहे का?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं प्रत्येक मनोरुग्णाला सन्मानानं जगण्याचा हक्क दिला. तो हक्क खाटेपर्यंत पोचवणं आम्हा नर्सेसच्या हातात आहे.

वरिष्ठांकडे माणसं मागत राहायलाच हवं. पण तोवर हँडओव्हर देताना झालेल्या कामाबरोबर राहिलेलंही स्पष्ट सांगायचं: याच्याशी आज बोलणं झालं नाही, आधी याच्याकडे जा. असं लिहिणं माझ्यावर शेकू शकतं. तरी लिहायचं. नाहीतर एकाच माणसाचं लागोपाठ तीन ड्युट्या राहिलं, हे कुणाच्याच लक्षात येत नाही.