“फादर, द्याल ते द्या”



गेल्या वर्षी आपल्या आश्रयदात्या संताच्या सणासाठी आम्ही धर्मग्रामातील एका तरुण चित्रकाराकडून मोठे चित्र करून घेतले. नोकरी सोडून तो आता मागणीप्रमाणे चित्रे काढून घर चालवतो. पैशाचे विचारले तेव्हा तो म्हणाला, “फादर, द्याल ते द्या.” आम्हाला ते बोल गोड वाटले. त्यात आम्ही भक्ती पाहिली. संकोच पाहिला नाही.

काम पाच आठवडे चालले. संताचा चेहरा आम्ही तीन वेळा बदलायला लावला. एकदा देणगीदारांना तो उदास वाटला म्हणून, एकदा दाढी पांढरी हवी म्हणून आणि शेवटी पहिलाच बरा होता म्हणून! सणाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि पाकीट दिले, टाळ्या झाल्या. पाकिटात 5,000 रुपये होते. पुढे त्याची आई मिस्साचा हेतू लिहून देण्यासाठी कार्यालयात आली, तेव्हा बोलता बोलता कळले की कॅनव्हास, रंग आणि चौकट यांनाच 4,600 रुपये लागले होते. म्हणजे पाच आठवड्यांच्या श्रमाचे मोल आम्ही 400 रुपये केले. त्याच महिन्यात कुंपणाची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा रोज मात्र आम्ही पहिली वीट लागण्यापूर्वी ठरवला होता.

असे का झाले? आपल्याकडे तीन सबबी तयार असतात. पहिली, कला ही देवाची देणगी आहे. पण डॉक्टरची बुद्धी आणि गवंड्याचे हातही देवानेच दिले आहेत. दुसरी, त्याला हे काम आवडते. आवडीने केलेल्या कामाला मोल नाही, असे म्हटले तर आपण मनापासून काम करणाऱ्यालाच दंड करतो. तिसरी सबब सर्वात बळकट: तो स्वतःच तयार झाला होता. या सबबीला पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात उत्तर दिले आहे. दोघांनी केलेल्या सौद्यापेक्षा नैसर्गिक न्याय थोर आहे. गरजेपोटी कामगाराने कमी मोबदला मान्य केला, तर ती संमती खरी नव्हे, तो त्याच्यावरचा अन्याय आहे. भिडेपोटी दिलेल्या संमतीचे तरी वेगळे काय?

संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात रास्त किमतीचा विचार केला. किंमत गणितासारखी काटेकोर ठरत नाही, ती अंदाजाची बाब आहे, हे त्यांनी मान्य केले. मात्र मोलापेक्षा जास्त दराने विकणे जितके अन्यायाचे, तितकेच मोलापेक्षा कमी देऊन घेणेही अन्यायाचे, असे ते सांगतात. दुसऱ्या भागाचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

1433 साली फ्लॉरेन्स शहरातील लिनन कापडाच्या व्यापारी संघाने फ्रा अँजेलिको या डॉमिनिकन संन्यासी चित्रकाराला पवित्र मरिया व बाळ येशूचे चित्र सांगितले. करार लेखी झाला. सोने, निळा रंग आणि चांदी उत्तम प्रतीची वापरावी, असे त्यात नमूद होते. मोबदला 190 सोन्याचे फ्लोरिन, किंवा चित्रकाराच्या सदसद्विवेकबुद्धीला योग्य वाटेल तितका कमी. याच फ्रा अँजेलिकोंना 1982 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी धन्यवादित घोषित केले.

बंधुभगिनींनो, या कराराचा क्रम पाहा. आधी संघाने पूर्ण रक्कम कबूल केली. त्यानंतर सूट. आणि ती देण्याचा अधिकार चित्रकाराच्या विवेकाला होता, संघाला नव्हे. शिवाय त्या संन्याशाच्या जेवणाची काळजी मठ घेत होता. आपल्या तरुणाच्या घराचे भाडे कोणताही मठ भरत नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. दर सांगताना चित्रकाराने सामानाचा खर्च, चित्र काढण्याचे तास, भेटीगाठी व प्रवासाचा वेळ आणि काम नसलेले दिवस हे सारे धरावे. त्यात लोभ नाही. पगारदाराच्या पगारात रविवार धरलेलाच असतो. आकार, मुदत, आगाऊ रक्कम आणि किती वेळा बदल करून मिळतील, हे आधीच लिहून घ्यावे. हक्कांचेही लिहावे, कारण आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट प्रथम काढून घेणाऱ्याचा ठरतो. चित्रकारावरही बंधने आहेत. आगाऊ रक्कम घेऊन दुसऱ्याचे काम पुढे ढकलणे, साधे रंग वापरून उत्तम रंगांचे पैसे घेणे, हाही अन्यायच. माणूस पाहून दर वाढवणे तर अक्विनसनाही मान्य नव्हते.

शेवटी आम्ही त्या तरुणाला घरी जाऊन भेटलो, क्षमा मागितली आणि रीतसर बिल मागितले. त्याने दोन दिवसांनी 18,000 रुपयांचे बिल आणून दिले. प्रामाणिकपणे सांगतो, कागद उघडताना आमची नजर खालच्या ओळीत ‘चर्चसाठी सूट’ शोधत होती. ती ओळ नव्हती. क्षणभर आम्हाला वाईट वाटले आणि मग लाज वाटली. दान म्हणजे देणाऱ्याने दिलेले. आपण गृहीत धरलेले नव्हे. ज्याला ‘इतके झाले’ म्हणण्याची मोकळीकच नाही, त्याने फुकट दिले तरी ते दान होत नाही.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला धनीही पहाटेच्या कामकऱ्यांशी आधी एक दिनार ठरवतो. औदार्य तो संध्याकाळी दाखवतो, तेही स्वतःच्या पैशातून. न्याय आधी, औदार्य नंतर.

उरलेले 13,000 रुपये धर्मग्राम समितीच्या संमतीने देण्यात आले. यंदाच्या नाताळच्या देखाव्याचे काम ज्यांना सांगू, त्यांच्याशी दर आधी आणि लेखी ठरेल. आपणही घरातल्या लग्नाची पत्रिका, आजोबांचे चित्र किंवा मुलीच्या हातची मेंदी सांगताना कोणी “द्याल ते द्या” म्हणाले, तर तेवढ्यावर थांबू नका. “नाही, तू सांग,” असे म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहा.