गादी, वारसा आणि अमानत



आपल्या घरांतून बादशाहांच्या गोष्टी मोठ्या प्रेमाने सांगितल्या जातात. जहांगीरने फिर्यादींसाठी टांगलेली सोन्याची साखळी कोणाला ठाऊक नाही? अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांच्या मनात नकळत ठसते, की इस्लामी राज्य म्हणजे बादशाहाचे राज्य. मध्यंतरी दर्स संपल्यावर एका तरुणाने मला नेमके याच्या उलट टोकाने विचारले : सर्व माणसे एका आदमची लेकरे असतील, तर आपल्या इतिहासात इतके राजे आले कोठून? राजेशाही इस्लामला मान्य आहे की नाही? त्याला एका शब्दात उत्तर हवे होते. ते मला देता आले नाही. का, ते आपल्यापुढे मांडतो.

कुरआनने ‘राजा’ या शब्दाचाच धिक्कार केलेला नाही. बनी इस्राईलने राजा मागितला तेव्हा अल्लाहने तालूत यांना नेमले, ही हकीकत सूरह बकरामध्ये आहे. सरदारांनी हरकत घेतली, की आम्ही अधिक हक्कदार, आणि याच्याजवळ तर संपत्तीही नाही. तालूत राजघराण्यातले नव्हते, असे मुफस्सिर सांगतात. उत्तर मिळाले ते ज्ञानाचे आणि शरीरसामर्थ्याचे. ज्या दोन खांबांवर जगातील बहुतेक सिंहासने उभी राहिली, ते कुळ आणि धन येथे हिशेबातच धरलेले नाहीत.

येथे आपण म्हणाल, हजरत दाऊद (अ.) यांच्या मागे त्यांचे पुत्र हजरत सुलैमान (अ.) आले, तो वारसा नव्हे काय? होय. परंतु सूरह अंबियामधील शेताचा आणि मेंढरांचा निवाडा आठवावा. वडील हयात असतानाच त्या प्रकरणातील योग्य निर्णयाची समज अल्लाहने पुत्राला दिली होती. आणि हजरत इब्राहीम (अ.) यांना लोकांचे इमाम केले गेले तेव्हा त्यांनी पित्याच्या मायेने आपल्या संततीविषयी विचारले, त्यांना कळविण्यात आले, की अल्लाहचे हे वचन जुलूम करणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. खलीलुल्लाहच्या संततीलाही केवळ जन्मावर हमी मिळाली नाही. मग इतरांची काय कथा!

सबाच्या राणीचेही उदाहरण मला फार विलक्षण वाटते. राजे एखाद्या वस्तीत शिरले की तिची नासाडी करतात आणि तेथील प्रतिष्ठितांना हीन करून सोडतात, हे परखड मत कुरआनमध्ये एका सिंहासनावर बसलेल्या स्त्रीच्या मुखातून येते. आणि तीच आपल्या सरदारांचा सल्ला घेतल्याविना निर्णय करीत नाही.

आता इतिहासाकडे वळू. हिजरी 23 मध्ये प्राणघातक जखमी झालेल्या हजरत उमर (रजि.) यांनी पुढील खलीफा निवडण्यासाठी सहा जण नेमले. पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना मसलतीत बसण्याची मुभा दिली, मात्र खिलाफतीत त्यांचा वाटा ठेवला नाही. इब्ने उमर अपात्र होते काय? इल्म आणि परहेजगारीत त्यांची बरोबरी करणारे थोडेच. तरीही पित्याने दार बंद केले.

पुढे हजरत मुआविया (रजि.) यांनी आपल्या हयातीतच पुत्र यजीदसाठी बैअत घेतली. मदीनेत हजरत हुसैन (रजि.), अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्यासारख्यांनी तिला विरोध केला. इब्ने खल्दून यांनी या निर्णयाची बाजू मांडली आहे : बनू उमय्याची एकजूट दुसऱ्या कोणामागे उभी राहिली नसती आणि उम्मत फुटली असती. हा युक्तिवाद टाकाऊ नाही, आणि सहाबींविषयी जीभ सैल सोडणे आपल्या अदबीत बसत नाही. परंतु फूट टळली काय? हिजरी 61 च्या मुहर्रममध्ये करबला घडले. बैअत हे शासक आणि प्रजा यांच्यातील वचन होते. आता वचन आधी ठरू लागले आणि लोकांचा हात नंतर मागितला जाऊ लागला. माझ्या मते खिलाफतीपासून मुलूकियतकडे जाणारे वळण मुकुटात नसून या उलटलेल्या क्रमात आहे.

वारशाने आलेला राजा चांगला नसतोच, असे मात्र नव्हे. हिजरी 99 मध्ये हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांचे नाव चुलतभावाच्या मोहोरबंद मृत्युपत्रातून निघाले. त्यांनी मशिदीत जाऊन लोकांना बैअतीतून मोकळे केले आणि हवा तो निवडा म्हणून सांगितले. लोकांनी त्यांनाच निवडले. म्हणजे त्यांनी तो क्रम पुन्हा सरळ केला. घराण्याने बळकावलेल्या मिळकती परत केल्या, पत्नीचे दागिनेही बैतुलमालमध्ये गेले. सुमारे अडीच वर्षांत त्यांचे निधन झाले. त्याच मृत्युपत्रात त्यांच्यामागचे नावही लिहिलेले होते : यजीद बिन अब्दुल मलिक. तो गादीवर आला आणि सुधारणा मागे पडल्या. चांगला राजा मिळणे ही अल्लाहची कृपा; पण वंशाची व्यवस्था त्या कृपेला पुढच्या पिढीपर्यंत राखून ठेवू शकत नाही.

मुस्लिम देशांतून आजही राजे आहेत. मलेशियाची रीत त्यांत निराळी : तेथील नऊ सुलतानी घराण्यांचे प्रमुख आपल्यातून एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात, मुदत संपली की तो आपल्या राज्यात परततो आणि कारभार निवडलेले सरकार पाहते. परतावे लागणारे सिंहासन मला कमी धोक्याचे वाटते.

त्या तरुणाला मी हे सारे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मौलाना, मग गावोगावी मशिदीचे ट्रस्टी बापामागे मुलगा कसे होतात?” मी हसलो, उत्तर सुचले नाही. गेल्या रमजानमध्ये आमच्या जमातीतील एका बुजुर्गांनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हटले होते, “हा आमचा पुढचा इमाम.” मला मनापासून आनंद झाला होता. माझे वडीलही याच मिहराबमध्ये उभे राहत असत. मुलगा पाच वर्षांचा आहे. अजून त्याला ‘जीम’ आणि ‘हे’ यांतला फरक सांगता येत नाही.