पैसा पोहोचतो, सोबत पोहोचते का?

बिलोलीला लागूनच तेलंगणातील निजामाबाद जिल्हा आहे. तिथले हजारो तरुण अनेक वर्षांपासून कामासाठी आखाती देशांत जात आले आहेत. आपल्याही घरांत प्रश्न येतो : आईवडिलांजवळ राहावे की दुबई गाठावी?

जाणारा स्वार्थी आणि राहणारा श्रावणबाळ, इतके हे सोपे नाही. कोरडवाहू शेतीवर बहिणीचे लग्न, भावाचे शिक्षण निभत नाही. परदेशातून आलेला पैसाही कर्तव्यच पार पाडतो. उलट, एकाच घरात राहून आईशी दिवसभर न बोलणारेही असतात.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. कायदा पैसा मिळवून देईल. दवाखान्यात उशाशी बसणारे माणूस देणार नाही.

म्हणून निघण्याआधी घरात बसून ठरवावे : औषधे कोण आणील? रात्री-अपरात्री कोण धावेल? परत कधी यायचे? आणि जो भाऊ किंवा जी सून मागे राहून हे करील, त्यांच्या कष्टाचे मोल पाठवलेल्या पैशाइतकेच मानावे. हे न बोलता निघणे म्हणजे आपला भार न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे होय.