पासिंग पाच वर्षांचं, घाट रोजचा

चि. वैदेही,


तू पाठवलेले सँट्रोचे फोटो आणि आरसीची प्रत पाहिली. गाडी २००८ची, पासिंग २०२३मध्ये झालेलं, नोंदणी २०२८पर्यंत. मालक म्हणतो, ‘पासिंग झालंय, आता पाच वर्षं बघायला नको.’ तुला हे पटलेलं दिसतंय, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय. गाडी घेऊ नको असं मी म्हणत नाही. सँट्रो साधी आहे, तिचे पार्ट मिळतात आणि साखरप्यातला मेस्त्रीही तिला हात लावू शकतो. पण त्या पाच वर्षांवर विसंबून घेऊ नको.

खाजगी गाडीला आपल्याकडे पहिली पंधरा वर्षं पीयूसीपलीकडे कुणी तपासायला बोलावत नाही. पंधरा वर्षं संपताना नोंदणीचं नूतनीकरण होतं, तेव्हा मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतो, आणि त्यानंतर पुढची तपासणी थेट पाच वर्षांनी. हीच सँट्रो टॅक्सी म्हणून नोंदलेली असती, तर आठ वर्षांची झाल्यापासून तिला दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागलं असतं. पत्रा तोच, ब्रेक तेच, रबरी बुशही तेच. टॅक्सी जास्त पळते, तिच्यात परकी माणसं बसतात, म्हणून नियम कडक आहे, हे मला मान्य आहे. पण तू आठवड्यातून कितीदा तरी आंबा घाट उतरणार, तेही पावसात आणि गुरं बघायला अवेळी बोलावणं आल्यावर. तुझी गाडी तू टॅक्सीच्या हिशेबाने तपासून घ्यावीस, दरवर्षी, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे. बाकीचं सगळं त्या तपासणीत काय बघायचं याबद्दल आहे.

निरीक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे रांग असते, मैदान उघडं असतं, आणि समोर उभी असलेली गाडी त्या दिवसासाठी तयार करून आणलेली असते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, चेसिस नंबर जुळतो, ब्रेक धरतो. नाशिकसारख्या ठिकाणच्या स्वयंचलित केंद्रात गाडी रोलरवर चढवतात, तिथे डावं आणि उजवं चाक सारखा ब्रेक धरतंय का हे आकड्यात कळतं. ती पद्धत चांगलीच आहे, सगळीकडे लवकर यायला हवी. तरीही रोलरवर ब्रेक दाबला जातो तो थंड असताना, आणि काही क्षणांपुरता.

तुझा प्रश्न नेमका इथे आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० अंशांच्या आसपास येते. मलकापूरच्या बाजूने घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवला की डिस्क तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइलातलं पाणी उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. सकाळी मैदानावर व्यवस्थित पास झालेली गाडी संध्याकाळी घाटात अशी वागू शकते, आणि त्यात तपासणी खोटी ठरत नाही. कोकणातल्या हवेत हे ऑइल दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये. मालकाला विचार, शेवटचं कधी बदललं? बिल नसेल तर बदललेलंच नाही असं धर आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम ते कर. लायनर, पॅड आणि चाकांपर्यंत जाणारे रबरी होज त्याच वेळी बघून घे. होज वाकवल्यावर त्यावर चिरा दिसल्या तर बदलायचे. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल करून नव्हे. हे तुला माहीत आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुसरी गोष्ट गंजाची. गाडी समुद्राजवळ वापरलेली आहे, त्यामुळे वरून चकचकीत रंग बघून भुलू नको. ती रॅम्पवर चढवून खालून बघायची. खाली नुकताच काळा थर मारलेला दिसला तर मला शंका येईल, कारण त्याखाली काय आहे ते दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. घट्ट पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. ब्रिटनमध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी १९६०पासून आहे आणि सर्वसाधारणपणे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी होते. तिथे गंजासाठी एक चांगलं माप वापरतात : सस्पेंशन, स्टिअरिंग, सीटबेल्ट अशा गोष्टी जिथे बॉडीला जोडलेल्या असतात, तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला खोल गंज गंभीर धरतात. दाराच्या खालच्या कडेला भोक पडलं तर पैसे जातील, शॉकअपच्या माउंटिंगजवळचा पत्रा कुजला तर चाक जागेवर राहणार नाही. तूही तेच माप वापर. तिथे आणखी एक सोय आहे. गाडीचा नंबर टाकला की आधीच्या तपासण्यांत काय सापडलं आणि तेव्हा किलोमीटर किती होते, ते कुणालाही बघता येतं. आपल्याकडे आरसीवर फक्त तारीख मिळते, म्हणून मालकाकडे जुनी सर्व्हिस बिलं मागायचीच.

पासिंगमध्ये न येणारी एक गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट. या सँट्रोच्या इंजिनात तो रबराचा आहे, झाकणाआड असतो, आणि तुटेपर्यंत आवाज करत नाही. तुटला की गाडी जिथे असेल तिथे बंद पडते, आणि इंजिनचं आतून मोठं नुकसान होऊ शकतं. त्याचंही बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांग.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त असली तरी रबर जुनं झालं असेल तर पावसात त्याचा उपयोग नाही. पीयूसीवरून गाडी सुरक्षित आहे असं ठरवू नको, त्यात फक्त धूर तपासतात.

आणि एक लक्षात असू दे. पासिंगला गाडी तिच्या जन्माच्या वेळच्या नियमांनी जोखतात. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९पासून सक्तीची झाली. २००८च्या या गाडीत ती नसेल, आणि नसणं हा दोषही ठरत नाही. म्हणून सीटबेल्ट हीच तुझी सगळी ढाल. तो जोरात ओढून बघ, अडकायला हवा. पट्टा विरलेला असेल तर नवा बसवून घे.

कागदांचं थोडक्यात : फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या पैसे देतानाच घे, गाडी तुझ्या नावावर करायचा अर्ज तीस दिवसांत दे, विमाही तुझ्या नावावर करून घे.

मालक भला असेलही. पण गाडी रॅम्पवर चढवायला त्याने आढेवेढे घेतले तर इसाराचा एक रुपयाही देऊ नको, रत्नागिरीत आणखी सँट्रो आहेत. मेस्त्री गाडीखाली असेल तेव्हा मला व्हिडिओ कॉल कर, मागच्या ॲक्सलजवळचा पत्रा मला स्वतः बघायचा आहे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे.

तुझा,
मामा