नख दाबून पाहा

अण्णांच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरत नव्हती. शुगर जुनी. बारामतीच्या डॉक्टरांनी आधी छाती तपासली, मग पायाचं नख दाबलं. ते पांढरं पडलं. सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं होतं. झालं नाही.

“हृदय ठीक आहे,” ते म्हणाले, “पण टेलला पोचत नाहीये.”

‘टेल’ ऐकून अण्णा गप्प झाले. का, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आमचं गाव अंथुर्णे. वीर धरणातून निघालेला नीरा डावा कालवा बारामतीवरून आमच्या इंदापूर तालुक्यात येतो. आमचं रान चारीच्या तोंडाला, त्यामुळे आवर्तन सुटलं की पाणी आधी आम्हाला. पाळी संपली तरी रात्री आमचा सायफनचा पाइप चालूच. लहानपणी बॅटरी धरायला मीच जायचो. चारीच्या शेवटी भावकीतल्या तात्यांचा ऊस. तिथं धार पोचेपर्यंत आवर्तन बंद. “तोंडाला रान आहे, यात आपला काय गुन्हा?” अण्णा म्हणायचे.

त्या रात्री मी मोबाइलवर रक्ताभिसरणाबद्दल वाचत बसलो, तर अण्णांचा मुद्दा शरीरातही सापडला. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचे पहिले फाटे हृदयालाच जातात. पहिली चारी हृदयाची! पण ते घेतं किती? आपण निवांत असताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं आणि स्वतःसाठी त्यातलं साधारण ५ टक्के ठेवतं. दोन मूत्रपिंडं मिळून जवळजवळ पाचवा हिस्सा नेतात. शिवाय आकुंचन पावताना हृदयाच्या स्वतःच्याच वाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते हृदय सैल पडल्यावर, म्हणजे बाकीच्यांना पाठवून झाल्यावर. तोंडाला असणं हा गुन्हा नाहीच. वाट्यापेक्षा जास्त ओढणं हा आहे.

यावर अण्णांच्या बाजूनं एक बिनतोड प्रश्न उरतो. खूप रक्तस्राव झाला की शरीर त्वचेचं, आतड्यांचं, मूत्रपिंडांचंही रक्त कमी करतं आणि हृदय-मेंदू वाचवतं. मग टंचाईत टेल तोडलं तर काय चुकलं?

फरक एवढाच, की हृदय वाचलं तरच बोटं वाचतात. विल्यम हार्वेनं १६२८ साली मांडलं ते हेच: रक्त खर्चून संपत नाही, फिरून परत येतं. आज बोटानं सोसलं तर उद्या त्याच बोटाला मिळतं. आमच्या पाइपातलं पाणी मात्र आमच्या उसात गेलं, उसाचे पैसे माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये. तात्यांकडे त्यातलं काय परत गेलं? जिथं परतीची वाटच नाही, तिथं ‘सगळ्यांच्या भल्यासाठी थोडं सोसा’ म्हणायचा हक्कही नाही.

माझ्या कामात आम्ही नुसत्या सरासरीवर विश्वास ठेवत नाही. सगळ्यात उशिरा उत्तर मिळालेले १ टक्का लोक कोण, ते शोधतो. तोंडाशी उभं राहून पाहिलं तर प्रत्येक कालवा भरलेलाच दिसतो. व्यवस्था बरी आहे की नाही, ते टेलचं नख दाबूनच कळतं.

पुढच्या आवर्तनाला मी गावी गेलो आणि पाइप गुंडाळून ठेवला. “आपला पट्टा वाळला तर?” अण्णांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा तो थोडा वाळलाही.

त्या रात्री मात्र बॅटरी घेऊन मी चारीच्या कडेनं शेवटापर्यंत चालत गेलो. तात्या दारं धरत होते.